शंभरातले अठ्ठावन्न

यंदा गोंडे फुलले, पण मधमाश्या आल्या नाहीत.

कांद्याचं बी करणाऱ्या घरात याहून वाईट काही नाही. कमरेएवढे दांडे उभे, टोकाला पांढरे गोल गोंडे, आणि त्यांच्यावर भणभण नाही. शेतात उभं राहिलं की कानाला दडे बसल्यासारखं वाटायचं. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांच्या हातात जुन्या मऊ कापडाचा एकेक तुकडा दिला.

"आता आपणच माश्या," ते म्हणाले.

सकाळचं दव उडालं की ओळीत शिरायचं. एका गोंड्यावरून कापड फिरवायचं, मग शेजारच्या, मग त्याच्या पलीकडच्या. खांद्यात कळ भरायची, मानेवर ऊन बसायचं. माझा नवरा पाण्याच्या मोटरी दुरुस्त करतो. तो कामाला जायच्या आधी दोन ओळी करून जायचा. चिंगी, माझी साडेतीन वर्षांची मुलगी, बांधावर बसून तोंडाने भुणभुण करायची. आवाजाचं खातं तिच्याकडे होतं. सासूबाई गोंड्यागोंड्याला काहीतरी पुटपुटत पुढे सरकायच्या.

"हिचा जप चाललाय," आबा पलीकडच्या ओळीतून म्हणायचे. "माझ्या ओळीत जप नाही. बघू कुठं जास्त बी धरतं ते."

"तुमच्या ओळीचाही मीच करते," सासूबाई मान वर न करता म्हणायच्या. "त्याला माहीत आहे तुम्ही आळशी आहात ते."

लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, हे भांडण आहे. वर्षभराने कळलं की हे त्यांचं बोलणं आहे. सासूबाई दोन वेळा हात जोडल्याशिवाय घास घेत नाहीत. आबांनी आयुष्यात कुठं हात जोडल्याचं कुणी पाहिलं नाही. चाळीस वर्षं एका ताटाला ताट लावून जेवतायत.

बाराव्या दिवशी आबांचा पाय पाटाच्या कडेला चिखलात सरकला आणि ते कमरेवर आपटले. डॉक्टरांनी तीन महिने उठायचं नाही म्हणून सांगितलं. आबांची खाट बियाच्या खोलीच्या दाराशी आणली, कारण दुसरीकडे ते पडून राहायला तयार नव्हते. काढणी, वाळवणी, झोडणी त्यांनी खाटेवरून पाहिली. पाखडणी माझ्यावर आली.

"वारा तुझ्या डाव्या कानाला लागला पाहिजे," ते तिथून सांगायचे. "उजव्या कानाला लागतोय म्हणजे तू उलटी उभी आहेस."

बी काळं, कंगोरेदार, बंदुकीच्या दारूसारखं. सुपातून ते खाली पडताना फार बारीक आवाज करतं. यंदा ते निम्म्याहून कमी आलं.

आबांच्या दोन सवयी साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक आहेत. एक, बी द्यायच्या आधी ते शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतात आणि आठ दिवसांनी किती उगवले ते मोजतात. जितके उगवले तितके सांगतात, एकही जास्त नाही. दुसरी, वर्षाअखेर उरलेल्या बियावर ते स्वतःच्या हाताने उकळतं पाणी ओततात. कांद्याचं बी वर्षभरात म्हातारं होतं. दिसायला तसंच राहतं, काळं, चकचकीत. डोळ्यांना काही म्हणजे काही कळत नाही. म्हणून पाणी. "राहिलं तर कुणाच्या तरी मनात येईल," असं ते म्हणायचे. कुणाच्या, ते सांगायचे नाहीत.

यंदाच्या शंभरातले एक्क्याण्णव उगवले. आबांनी अकरा घरांना निरोप धाडला. उन्हं जरा उतरली की सगळे एकाच दिवशी येऊन बी नेणार होते.

आणि यंदा कमरेमुळे उकळतं पाणी राहून गेलं होतं. हे कुणाच्याच लक्षात नव्हतं. आबांच्यासुद्धा.

*

त्या दुपारी चिंगीला ताप होता. मी तिला बियाच्या खोलीतच रिकाम्या गोण्यांवर निजवलं होतं, म्हणजे नजरेसमोर राहील. दर थोड्या वेळाने मी काम टाकून तिच्या छातीवर हात ठेवत होते. श्वास मोजण्याची मला सवयच लागली आहे. ती धडधाकट खेळत असली तरी मोजते. आबा खाटेवर झोपले होते. सासूबाई नदीवर.

सगळं नवं बी मोठ्या पिंपात भरून झालं होतं. कोपऱ्यात, चाळणीच्या मागे, पत्र्याचा एक डबा दिसला. झाकण उघडलं तर गळ्यापर्यंत बी. मला वाटलं, शेवटच्या पाखडणीचं सासूबाईंनी भरून ठेवलं असणार. इतका आनंद झाला. एवढ्या तुटीच्या वर्षात एवढं बी सापडलं! मी तो डबा पिंपात रिकामा केला आणि कोपरापर्यंत हात घालून खालीवर ढवळलं, सगळं सारखं व्हावं म्हणून. मला कामं नीट करायला आवडतात.

डब्याच्या तळाशी चिठ्ठी चिकटली होती. झुरळं खातात म्हणून आबा चिठ्ठी आत टाकतात. त्यांचं तिरकं अक्षर: 'मागचं. पाणी ओतायचं.'

मी चिठ्ठी हातात धरून उभी राहिले. पिंपाकडे पाहिलं. काळ्यात काळं. कुठलं कुठं गेलं ते आता कुणालाच, मलाही, सांगता आलं नसतं. चिंगी झोपेत कण्हली म्हणून मी तिच्याजवळ गेले, कपाळाला हात लावला, परत आले. बी तसंच होतं.

मी आबांना उठवायला दोन पावलं टाकली, तेवढ्यात अंगणातून आवाज आला.

"कुणी आहे का, का सगळे झोपलेत? दुपारचं दार उघडं टाकून झोपणारी घरं मी पाहिलेली नाहीत."

ओढ्यापलीकडची म्हातारी. गाव तिला फौजदारीण म्हणतं. कुठून आलीस, कुठं निघालीस, पिशवीत काय आहे, हे विचारल्याशिवाय ती कुणाला पुढे जाऊ देत नाही. एकटी राहते, एकटी कसते, आणि सगळ्यांच्या आठ दिवस आधी रोप टाकते. बियाचं पहिलं माप दरवर्षी तिचं, त्या अकरा घरांच्या आधी.

आबा जागे झाले. "दे गं तिला," ते खाटेवरून म्हणाले. "एक्क्याण्णव आहे यंदा."

"कमरेचं काय म्हणणं आहे?" तिने त्यांना विचारलं.

"कंबर म्हणते, फौजदारणीला बसायला सांगू नको. उठायची नाही."

ती हसली. मग आत आली. पिंपात हात घालून चिमूटभर बी घेतलं, दोन दाणे दाताखाली धरले. "तू पाखडलंस?"

"हो, मावशी."

"बरं पाखडलंस. काडी नाही, माती नाही. शिकलेल्या बायकांना पाखडता येत नाही असं मी म्हणायची. आता म्हणणार नाही."

मी माप हातात घेतलं. चिठ्ठी माझ्या कमरेला खोचलेली होती. मी माप भरलं, हाताने वरचं सारखं केलं, तिच्या पिशवीत ओतलं. तिने पिशवीचं तोंड दोनदा आवळलं, चिंगीच्या कपाळाला हात लावून "उतरेल" म्हणाली आणि गेली.

डबा ओतला तेव्हा ती चूक होती. माप भरलं तेव्हा ती चूक राहिली नाही. हे मला त्याच क्षणी कळत होतं, आणि हात चालू होता.

*

पुढचे दिवस मी मनाशी हिशेब मांडत होते. कुणालाही कळणार नाही. रोप पातळ उगवलं तर लोक मुंग्यांना नावं ठेवतील, उन्हाला ठेवतील, पाणी जास्त झालं म्हणतील. आबांच्या बियाला कुणी बोलणार नाही. चाळीस वर्षांत कुणी बोललं नव्हतं. त्या नावाच्या सावलीत मी सुखाने बसू शकत होते. आणि सांगितलं तर? 'शिकलेल्या सुनेनं सासऱ्याचं नाव घालवलं.' हे वाक्य मला पाणवठ्यावरच्या आवाजात, हसण्यासकट ऐकू यायचं.

कुणी पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं कधीकधी वाटायचं. निदान ठरवायचं काम माझ्यावर उरलं नसतं.

कॉलेजात असताना मी वादविवाद स्पर्धेत उतरले होते. माणसाला चांगलं वागायला देव लागतो की नाही, असा विषय होता. लागत नाही, या बाजूने मी बोलले आणि पहिली आले. बक्षिसाच्या कपात आता आमचे चमचे असतात. त्या भाषणातलं एक वाक्य मला आता आठवेना. आठवलं असतं तरी त्यात पिंपातलं बी परत निवडण्याचा उपाय नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी पिंपातून शंभर दाणे मोजून घेतले, ओल्या गोणपाटात गुंडाळले आणि धान्याच्या कणगीमागे लपवले. रोज पाणी शिंपडायला चोरासारखी जायची.

त्याच दिवशी चिंगीचा ताप उतरला आणि तिने दुधाचं भांडं सांडलं.

"मांजरीनं सांडलं," ती म्हणाली. तिच्या झग्यावरून दूध ठिबकत होतं.

"चिंगे, खोटं बोलू नये."

"का?"

मी रिकामं भांडं उचललं.

"आजी म्हणते वरून कुणीतरी बघतं," तिनेच मला मदत केली. "आबा म्हणतात वर फक्त पाल आहे."

खाटेवरून आबांचा खोकल्यासारखा आवाज आला. ते हसू दाबत होते. मी फडकं आणून जमीन पुसली. चिंगी माझ्याकडे बघत उभी होती, उत्तराची वाट बघत. मी फडकं पिळत राहिले.

तिसऱ्या दिवशी मी सासूबाईंना सांगितलं. आम्ही दोघी मागच्या दारी शेंगा सोलत होतो. त्यांचे हात थांबले नाहीत. फक्त एक शेंग सोलून दाणे टरफलात आणि टरफल दाण्यांत टाकलं.

"ह्यांना सांगितलंस?"

"नाही."

"नको सांगू." त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "पडून आहेत. त्यांना लागेल. आणि बाहेर तुझ्या नावानं जे बोलतील ते मला ऐकवायचं नाही. घरातली लेक आहेस तू. मी बघते."

"तुम्ही काय बघणार, आई?"

"मी त्याच्याशी बोलते," त्या म्हणाल्या. "माझं ऐकतो तो. तुझ्या वतीनं मी माफी मागते, म्हणजे प्रश्न मिटला. तू गप्प राहा."

मला रडू आलं. सुटल्यासारखं वाटून आलं, आणि सुटले नाही हे कळून आलं. त्यांनी माझ्या पाठीवर शेंगांच्या धुळीचा हात फिरवला.

त्या संध्याकाळी त्या त्यांच्या कोपऱ्यात नेहमीपेक्षा जास्त वेळ डोळे मिटून बसल्या. दुसऱ्या दिवशीही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मी पीठ मळत असताना त्या येऊन चुलीपाशी टेकल्या. तोंड उतरलेलं.

"काय झालं?"

"ऐकेना."

"कोण?"

"कोण म्हणजे? तोच." त्यांनी आवाज खाली केला. "चार दिवस सांगतेय, पोरगी लहान आहे, लेकराला ताप होता, मुद्दाम नाही केलं. सगळं सांगून झालं की आतून एकच येतं. मला कशाला सांगतेस, मी पेरणार आहे का?"

मी परातीतून हात काढला.

"खरंच असं आलं?"

"मग मी काय मनचं सांगतेय? मलाही राग आला. म्हटलं, इतकी वर्षं दिवा लावते, एवढं काम नाही होत तुझ्याच्यानं?" त्यांनी पदराने नाक पुसलं. "सांग बाई ह्यांना. मी शेजारी बसते."

*

आठव्या दिवशी सकाळी मी कणगीमागचं गोणपाट काढलं आणि उंबऱ्यातल्या उजेडात उलगडलं. कोंब आलेले एका बाजूला, न आलेले दुसऱ्या. दोनदा मोजले. अठ्ठावन्न. ते गोणपाट तसंच तळहातांवर धरून मी आबांच्या खाटेपाशी गेले. सासूबाई येऊन खाटेच्या पायथ्याशी बसल्या. नवरा डबा भरून कामाला निघाला होता, तोही दारात थबकला.

मी सांगितलं. डबा, चिठ्ठी, ढवळणं. चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. घामाने शाई पसरली होती.

आबांनी चिठ्ठी वाचली. गोणपाटातले न उगवलेले दाणे बोटाने सरकवले.

"किती ढवळलंस?"

"कोपरापर्यंत. चांगलं."

"म्हणजे तेही नीटच केलंस," ते म्हणाले. मग, "फौजदारणीला दिलंस ते आधी, का नंतर?"

"नंतर."

"चिठ्ठी वाचल्यावर?"

मला वाटलं होतं हा प्रश्न ते विचारणार नाहीत.

"वाचल्यावर."

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. कमरेमुळे त्यांना कूस बदलायला वेळ लागला, आणि ते सगळं आम्हाला बघत बसावं लागलं. बाहेर चिंगी कोंबड्यांना शिकवत होती.

"चाळलं तर?" नवरा शेवटी म्हणाला. "नाहीतर पाण्यात टाकून, तरंगेल ते..."

"दोन्ही सारखंच तरंगतं," आबा भिंतीला म्हणाले. "उगवल्याशिवाय कळत नाही. निवडता आलं असतं तर पाणी कशाला ओतलं असतं मी?"

"मग उद्या अकरा जण येतील त्यांना काय सांगायचं? यंदा बी नाहीच म्हणून सांगू. आपलं आपण बघू."

"बी आहे. अठ्ठावन्न आहे." आबा परत आमच्याकडे वळले. हेही सावकाश. "अठ्ठावन्न म्हणून सांगायचं. नेहमीच्या मापावर निम्म्याहून जास्त वर द्यायचं आणि दाट टाका म्हणायचं. घेतील ते घेतील. असं का झालं विचारलं तर तेही सांगायचं."

"कुणी सांगायचं?" सासूबाईंनी विचारलं, उत्तर माहीत असून.

आबांनी हात खाली घालून खाटेखालचं मडकं पुढे ओढलं. त्यात घरचं बी असतं. पाखडणीनंतर सगळ्यात आधी काढून ठेवलेलं, आमच्या स्वतःच्या रोपासाठी. त्यात काही मिसळलेलं नव्हतं.

"हे फौजदारणीला."

"आणि आपण?" नवऱ्याने विचारलं.

"आपण दाट टाकू."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि डब्याची पिशवी उचलली. जाताना मडक्याला पाय लागू नये म्हणून वळसा घालून गेला.

मी तिथेच उभी राहिले. मला विचारायचंच होतं.

"आबा, तुम्ही कशालाच मानत नाही. मग एवढं... कशासाठी?"

त्यांनी चिठ्ठीची घडी घातली, पुन्हा उलगडली. मला वाटलं रागावले.

"मला नाही सांगता येत," ते म्हणाले. "पोटात का दुखतं विचारलं तर काय सांगणार, दुखतं. एवढं माहीत आहे, की बी म्हणून दिलं तर उगवायला पाहिजे. न उगवणाऱ्याला बी म्हणत नाहीत, खडे म्हणतात. पिशवी आणणारा काय मागायला आलाय ते ऐकलं ना आपण? मग?" ते सासूबाईंकडे बघून म्हणाले, "हिला विचार. हिच्याकडे मोठं उत्तर आहे."

"होतं," सासूबाई म्हणाल्या. "त्यानं माझ्यावरच उलटवलं."

*

दुसऱ्या दिवशी अकरातले नऊ जण आले. बाकी दोघांना वाटेतच बातमी लागली असावी.

मी पिंपाशेजारी पाटावर बसले होते. पहिला सुतार आला. त्याने पिशवी पुढे केली, मी माप उचललंच नाही.

"काका, बी अठ्ठावन्न आहे. एक्क्याण्णव नाही. मागचं मिसळलं त्यात. मी मिसळलं, चुकून."

माझा आवाज कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा निघाला. अंगणात मागे उभे असलेले पुढे सरकले.

"चुकून?" सुतार म्हणाला. "आबांनी मिसळायला लावलं असं म्हण की. यंदा कमी आलंय, ते दिसतंय आम्हाला."

"त्यांनी लावलं असतं," मी म्हटलं, "तर मी तुम्हाला सांगितलं असतं का?"

तो जरा घुटमळला. "हे खरं," म्हणाला.

मागून कुणीतरी म्हणालं, "शिकलेली आहे हो. पुस्तकं जुनी-नवी एकाच कपाटात ठेवतात." हसले सगळे. माझे कान तापले. मी माप भरलं, वर आणखी घातलं, आणि दाट टाका म्हणाले. सुताराने घेतलं. दूधवाली म्हणाली, "माझ्या सुनेनं तर दुधाच्या भांड्यात रॉकेल ओतलं होतं. तिनं अजून कबूल केलेलं नाही. आठ वर्षं झाली." तिनेही घेतलं. तिसऱ्याने पिशवी झटकून घडी घातली आणि निघून गेला. तो गेला तेव्हा आबांनी डोळे मिटून घेतले. वीस वर्षं तो बी नेत होता.

नऊ वेळा मी तेच सांगितलं. कुठल्याही वेळी सोपं गेलं नाही. पाचव्या वेळेला वाटलं होतं आता सवय होईल. सहा जणांनी घेतलं, तिघे गेले.

दुपारी भांडी घासून झाली आणि मी मडकं काखेत धरून, चिंगीचं बोट धरून ओढा ओलांडला.

फौजदारणीचं घर म्हणजे एक खोली आणि पुढे पडवी. पडवीसमोर तिचे सहा वाफे, दोरी धरून केल्यासारखे सरळ. ती तिसऱ्या वाफ्याच्या कडेला उकिडवी बसली होती. आम्ही जवळ जाईपर्यंत तिने मान वर केली नाही. 'कुठून आलीस' विचारलं नाही. मला त्याचीच भीती वाटली.

वाफ्यात कोंब आले होते. कांद्याचा कोंब वर येताना गुडघ्यासारखा वाकलेला असतो. तसे हिरवे गुडघे, इथे दोन, तिथे एक, मधे वीतभर उघडी माती.

"बस," ती म्हणाली. "बघ हे."

"मावशी..."

"तीन दिवस बघतेय. पहिल्या दिवशी वाटलं, मागून येतील. मुंग्या बघितल्या, नाहीत. पाणी झारीनंच दिलं." तिने दोन्ही हात पालथे करून माझ्यापुढे धरले. बोटांची पेरं सुजलेली, अंगठ्याला माती. "हात गेला माझा. बी कुठं खोल पडलं, कुठं पडलंच नाही, मला कळलंच नाही टाकताना. आबाचं बी एक्क्याण्णव आणि माझ्या वाफ्यात हे. काल पुतण्याला निरोप धाडला. म्हटलं, ये आणि जमीन तूच कस. उद्या येतोय."

मी मडकं खाली ठेवलं. घरून निघताना जुळवलेली सगळी वाक्यं, ताप, कोपऱ्यातला डबा, सगळं कुठल्या कुठं गेलं.

"हात गेलेला नाही तुमचा," मी म्हटलं. "बी तसलंच होतं. मागचं मिसळलेलं. माझ्या हातून मिसळलं गेलं. आणि तुम्हाला माप भरून दिलं तेव्हा मला ते माहीत होतं."

"पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटलं.

तिने आपल्या हातांकडे पाहिलं. उताणे केले, पालथे केले. बोटं मिटली, उघडली. मग तिच्या तोंडातून एक आवाज निघाला, हसण्याचा म्हणावा तर हसण्याचा नाही.

"म्हणजे हात चांगलाय," ती म्हणाली. स्वतःलाच. "हात चांगलाय माझा."

मग माझ्याकडे वळली, आणि तेव्हा ती खरी फौजदारीण होती.

"तीन दिवस! तीन दिवस मी सकाळी उठून हाताकडं बघतेय. जेवण गेलं नाही. चमचा धरताना बघायची, थरथरतोय का म्हणून. आणि तू ओढ्याच्या पलीकडं पीठ मळत होतीस?"

"हो."

"कुणी धाडलं तुला? सासऱ्यानं का सासूच्या देवानं?"

"दोघांनीही सांग म्हणून सांगितलं."

"आणि नसतंस सांगितलं तर मला कळलं असतं?"

"नाही."

"जन्मात?"

"जन्मात नाही."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, सुपातलं बी बघावं तशी. मला वाटलं आता ती विचारेल, मग का आलीस. पण तिने विचारलं नाही. मडक्याचं झाकण काढलं, चिमूट घेतली, दोन दाणे चावले.

"हे?"

"आमचं घरचं. यात काही नाही."

"तुम्ही काय टाकणार?"

"ते दुसरं. दाट."

ती "हं" म्हणाली. उठून पडवीतून खुरपं आणलं, माझ्या हातात दिलं. "आलेल्या कोंबांना धक्का लावायचा नाही. मधल्या मोकळ्या जागेत रेघ ओढ, बोटाच्या एका पेराएवढी खोल. बी मी टाकते."

मी गुडघ्यावर बसून रेघ ओढायला लागले. ती माझ्या मागून सरकत, चिमटीतून बी सोडत येत होती. माती ओली होती, थंड होती. चिंगी कडेला बसून कोंब मोजत होती. तिला सातपर्यंत येतं, मग ती पुन्हा एकपासून सुरू करत होती.

"वाकडी गेली," फौजदारीण मागून म्हणायची. "कॉलेजात रेघा ओढायला शिकवत नाहीत काय? पूस. पुन्हा ओढ." मी पुसून पुन्हा ओढत होते. चार वाफे होईपर्यंत माझी पाठ भरून आली. ती मात्र माझ्या दुप्पट वयाची, एकदाही टेकली नाही. दर थोड्या वेळाने आपली चिमूट डोळ्यांजवळ नेऊन बघत होती. बी एकसारखं सुटत होतं.

पाचव्या वाफ्याशी ती थांबली.

"उद्या पुतण्या येईल," ती म्हणाली. "त्याला तूच सांगायचं. मी सांगितलं तर म्हणेल, म्हातारीचा जीव जमिनीत अडकलाय, निमित्त काढतेय. सकाळी ये."

"येते."

"काय सांगशील? म्हणून दाखव."

मी खुरपं खाली ठेवलं.

"मावशींचा हात चांगला आहे. बी वाईट होतं. ते मी दिलं."

तिने जरा विचार केला.

"'मी दिलं' ते आधी म्हण," ती म्हणाली, आणि सहाव्या वाफ्याकडे सरकली.